मिसळणाच्या डब्यातली मोहरी

मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळकसाहेब आणि शब्बाथ शाळेच्या सर्व बाई-गुरुजींना,



गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी पुतणीच्या मुलाला शब्बाथ शाळेत सोडायला गेलो होतो. पाऊस इतका कोसळला की परत निघणं जमेना, म्हणून मागच्या बाकावर बसून राहिलो. मंडळी कोणती ते लिहीत नाही. जे ऐकलं ते मी आजवर तीन-चार ठिकाणी तरी ऐकलेलं आहे. भिंतीवर मुलांना जवळ घेतलेल्या येशूचं ते नेहमीचं चित्र होतं आणि पाठ होता मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचा, लेकरासारखं होण्याचा. पाठ संपता संपता आठेक वर्षांची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "आम्ही आजोबांसाठी रोज प्रार्थना करत होतो, तरी ते का वारले?"

बाईंनी तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "बाळा, असे प्रश्न मनात आणायचे नाहीत. देवावर लेकरासारखा विश्वास ठेवायचा. लेकरू कधी शंका घेतं का?"

मुलगी खाली बसली. ती स्वतःच लेकरू होती, आणि लेकरासारखं वाग म्हणून तिला गप्प बसवलं गेलं होतं. बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित हेच बोललो असतो. पण त्या मुलीचा चेहरा पाहिला आणि मला माझा कंपासपेटीतला मोहरीचा दाणा आठवला. त्या दाण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी घोडपदेवचा. आमचं मूळ गाव नगर जिल्ह्यात, नेवाशाकडचं. वडील गिरणीत साचेखात्यात होते. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा जण, त्यात रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपलेला. त्यामुळे आमची सारी भांडणं कुजबुजत व्हायची. चाळीत ख्रिस्ती घर आमचं एकच. बाकी कोकणातले आणि घाटावरचे. ज्या देवाच्या नावावरून वस्तीला नाव पडलं त्याच्या देवळावरून आम्ही रोज शाळेत जायचो, गणपतीत आरतीला टाळ वाजवायचो, आणि नाताळात आईच्या करंज्या मजल्यावरच्या प्रत्येक दारात जायच्या. रविवारी चर्चला जाताना राणीच्या बागेच्या भिंतीपलीकडून एखाद्या जनावराचा आवाज आला, की तो सिंहाचाच आणि तो दानिएलाच्या गुहेतलाच, अशी धाकट्या भावाची पक्की समजूत होती. घड्याळ घरात एकच. खरं घड्याळ म्हणजे गिरण्यांचे भोंगे. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर वडिलांचा डबा भरायचा.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठेक गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार. मी तेव्हा नऊ वर्षांचा. पहिला महिना मजेत गेला, कारण वडील दिवसा जागे असायचे. दुसऱ्या महिन्यात आईने साड्यांना फॉल लावायचं काम घेतलं. पुढे पितळेची भांडी एकेक करून घराबाहेर गेली. शेजारच्या काकूंनी गावच्या देवीला नवस बोलला. माझ्याकडे नवस नव्हता, प्रार्थना होती. रोज रात्री गुडघे टेकून मी एकच मागणं मागायचो: उद्या सकाळी भोंगा वाजू दे. आणि खरं सांगतो, ही प्रार्थना करताना माझ्या मनात तिळभरही शंका नसायची. रात्री झोपताना मी वडिलांचा डबा ओट्यावर काढून ठेवायचो. सकाळी आई तो मुकाट्याने परत फळीवर ठेवायची.

हे किती महिने चाललं ते आठवत नाही. शेवटी मी शब्बाथ शाळेत विचारलं. आमच्या गुरुजींनी सांगितलं, "आपला विश्वास मोहरीच्या दाण्याएवढा असता तरी डोंगर हलला असता, असं वचन आहे. प्रार्थना ऐकली गेली नाही, तर विश्वासात काही उणं आहे का ते आपण तपासून पाहावं."

घरी येऊन मी ते शब्दशः तपासलं. आईच्या मिसळणाच्या डब्यातून मोहरीचा एक दाणा काढला, तळहातावर ठेवला आणि बघत बसलो. एवढासा! आणि माझा विश्वास याच्याहूनही लहान? दाणा कंपासपेटीत, कर्कटकाच्या खाचेत ठेवला. वर्गात मधूनच पेटी उघडून तो बघायचो. दुसरा उद्योग म्हणजे हिशेब. अडीच लाख कामगार, त्यांची बायकापोरं, त्या सगळ्यांचा पगार माझ्या विश्वासात काहीतरी उणं असल्यामुळे अडला आहे, हा तो हिशेब. आज हसू येतं. तेव्हा पोटात दुखायचं आणि आईला वाटायचं जंत झाले.

संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. वडिलांना परत घेतलं नाही. पुढे त्यांनी एका गोदामात राखणदारी केली. घोडपदेवात न्यू हिंद मिलच्या जागेवर आज गिरणी कामगारांसाठी बांधलेले म्हाडाचे टॉवर उभे आहेत. तिथून जाताना अजूनही माझी मान खाली जाते, आणि ती का जाते हे मला नीट ठाऊक आहे.

आईला तो दाणा सापडला कंपासपेटी साफ करताना. कशाला ठेवलास म्हणून विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. तिने दाणा उचलून डब्यात टाकला आणि म्हणाली, "गिरणी मालकाची, कुलूप मालकाचं. त्यात तुझ्या मोहरीचा काय संबंध? आणि देवाला जाब विचारायचा तर मी विचारीन, तू अभ्यासाला बस." ती खरोखरच विचारायची. फॉल लावता लावता ती प्रभूशी भांडायची, मोठ्याने, एकेरीत. तिची भांडणाची रीत नेवाशाची होती. ज्या गावात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथल्या बायका देवाला अहो-जाहो करत नाहीत.

पाळकसाहेब, मी पुढे मोठा झालो, पदवीधर झालो, मधली दहाएक वर्षं चर्चची पायरीही चढलो नाही. परत आलो तो कुणा उपदेशकाच्या भाषणाने नाही. शुभवर्तमानं पहिल्यापासून सरळ वाचायला घेतली, इतकंच. वाचता वाचता ते मोहरीचं वचन आलं, आणि मी पुस्तक खाली ठेवून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

आपण सारे हा उतारा माझ्याहून चांगला जाणता. तरी एका साच्यावाल्याच्या मुलाने तो कसा वाचला ते ऐका. मोहरीचं बोलणं मत्तयाच्या सतराव्या अध्यायात आहे, लेकराच्या गोष्टीच्या एकच पान आधी. एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन शिष्यांकडे आला होता. शिष्यांना त्याला बरं करता आलं नाही. येशूने मुलाला बरं केलं, आणि मग शिष्यांनी एकांतात विचारलं की आम्हाला का जमलं नाही. तेव्हा आली मोहरी. म्हणजे तो टोला प्रचारकांना होता. ज्याच्या घरात दुखणं होतं त्या बापाला नव्हता, आणि मुलाला तर नव्हताच नव्हता. मार्काने हीच गोष्ट सांगताना बापाचं बोलणंही लिहून ठेवलं आहे: माझा विश्वास आहे, आणि जो नाही त्याला तूच हात दे, अशा अर्थाचं. एका श्वासात दोन्ही. येशूने त्याला परत पाठवलं नाही, आधी शंका फेडून ये म्हटलं नाही. पोरगं बरं झालं.

हे नऊ वर्षांच्या मला कुणी सांगितलं असतं तर! गेली कित्येक वर्षं आपण ते वचन उलट्या बाजूला फिरवून वापरतो आहोत. जे दुःखात आहेत त्यांच्या पदरात मोहरी टाकतो आणि वजन करायला सांगतो.

आता लेकराच्या चित्राकडे येतो. शिष्यांचा प्रश्न काय होता? स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण. खुर्चीचा प्रश्न. (मंडळीच्या निवडणुका पाहिलेल्यांना तो परका वाटू नये.) त्यावर येशूने एक पोर बोलावून मधोमध उभं केलं. त्या काळी पोराला पंगतीत मान नव्हता, सभेत आवाज नव्हता. असं होऊन दाखवा, हे तो मोठ्यांना म्हणाला. त्या पोराला त्याने काहीच शिकवलं नाही. मोठ्यांची मिजास उतरवण्यासाठी सांगितलेली गोष्ट आपण पोरांचं तोंड बंद करायला वापरतो. आणि लेकरू शंका घेत नाही हे आपल्याला कुणी सांगितलं? ज्याच्या घरात चार वर्षांचं मूल आहे त्याला विचारा. ते मूल सकाळपासून रात्रीपर्यंत "का" शिवाय दुसरं काही बोलत नाही. ज्याच्याकडून उत्तर मिळेल अशी खात्री असते त्यालाच ते विचारतं. विश्वास उडाला की विचारणं थांबतं. आमच्या चाळीत ज्यांचे बाप दारू पिऊन मारायचे, ती पोरं बापाला काही विचारत नसत.

येशूच्या बालपणाची, तान्हेपणानंतरची, एकच गोष्ट शुभवर्तमानांत आहे. बारा वर्षांचा मुलगा, सणाच्या गर्दीत आईबापांपासून सुटलेला, तीन दिवसांनी मंदिरात सापडतो. काय करत होता? गुरूंच्या मधे बसून ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. शहाण्या लोकांनी तोंडात बोटं घातली. आई रागावली, आणि तिलाही त्याने एक प्रश्नच परत केला. लूक पुढे लिहितो की तो ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला. वाढत गेला! आपण मात्र पोरांना सहाव्या वर्षीचा देव देतो आणि सोळाव्या वर्षीही तोच अंगात बसावा अशी अपेक्षा धरतो. दिवाळीला शिवलेला सदरा कुणी दहा वर्षं घालत नाही. मग पोरं ती देवाची कल्पना काढून खुंटीला लावतात आणि आपण म्हणतो, हल्लीची पिढी बहकली.

मराठीने यासाठी आपल्याला दोन वेगळे शब्द देऊन ठेवले आहेत, तेही आपण विसरतो. बालभाव आणि बालिशपणा. पौलाने करिंथकरांना लिहिताना पोरपणाच्या गोष्टी सोडून दिल्याचं म्हटलं, त्या बालिशपणाच्या. बालभाव सोडायचा नसतो. पण तो टिकवायचा तर त्याला शिजू द्यावं लागतं, आणि ही गोष्ट आपल्या संतांच्या कथेत फार देखण्या रीतीने आली आहे. लहानगा नामदेव नैवेद्य घेऊन देवळात जातो, विठ्ठलाने जेवलंच पाहिजे म्हणून हट्ट धरतो, डोकं आपटायला निघतो, आणि विठ्ठल जेवतो. याहून निखळ बालभाव कुठला? पण कथा तिथे थांबत नाही. पुढे संतमेळ्यात गोरोबाकाका थापटण्याने एकेकाचं डोकं ठोकून मडकं पक्कं की कच्चं ते पाहतात, आणि ज्याच्या हातून देव जेवला तो नामदेव कच्चा ठरतो. रुसून तो विठ्ठलाकडे तक्रार घेऊन जातो, आणि विठ्ठल त्याला विसोबा खेचरांकडे पाठवतो. तिथे नामदेव बघतो तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. लहानपणीचा देव तिथे मोडतो आणि मोठा होतो.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. तेव्हा मला नामदेवाची साक्ष काढायला हरकत नसावी. टिळकांचा बाप्तिस्मा याच मुंबईत झाला, 10 फेब्रुवारी 1895 ला. आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने दिलेला नवा करार वाचून, डोंगरावरच्या प्रवचनाशी अडखळून, पुष्कळ शंका विचारून ते तिथवर पोहोचले होते. पण या पत्रात मला टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात.

त्यांच्या आठवणींचं पुस्तक ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असेल. पुन्हा एकदा वाचा, यावेळी शब्बाथ शाळेचं पाठ्यपुस्तक म्हणून. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडात गेलेलं बालपण, बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा कोसळलेली बाई. वर्षानुवर्षं दुरावा. परत नवऱ्याच्या घरी आली तीही आपलं सोवळं आणि आपली वेगळी चूल घेऊन. तिला कुणी वचनांनी जिंकलं नाही. ती आपली आपण विचार करत बसली: जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर जनावरांत असतात तसे माणसांच्या शरीरांत भेद नसते का केले? हा प्रश्न एखादं हुशार पोरच विचारील, इतका तो सरळ आहे. या एका प्रश्नाने तिचं पिढीजात सोवळं गळून पडलं. 1900 साली तिने बाप्तिस्मा घेतला, नवऱ्याच्या पाच वर्षं मागून, आपल्या पायांनी चालत. टिळक गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ या फारसं न शिकलेल्या बाईने हाती घेतलं आणि पुढचे 64 अध्याय रचले. तिच्या आठवणींत जागोजागी हसू आहे, फजिती आहे, टिळकांशी कडाक्याची भांडणं आहेत. देवाविषयी भाबडी असूनही ती भोळसट कधीच नव्हती.

मग त्या मुलीला काय सांगायचं होतं, असं आपण मला विचाराल. आजोबा का गेले याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तिला गेथशेमाने बागेची गोष्ट सांगता आली असती. तिथे येशूने बापाला अब्बा म्हणून हाक मारली, घरात मुलं मारतात तशी, आणि हा प्याला टळू दे म्हणून मागितलं. प्याला टळला नाही. त्याच्या विश्वासात काय उणं होतं, ते सांगा पाहू! दुसऱ्या दिवशी क्रूसावरून त्याने ओरडून विचारलेला प्रश्न तर त्या मुलीचाच होता: का? जो प्रश्न त्याने विचारला तो तिने विचारला तर ते पाप कसं?

माझं मागणं फार मोठं नाही. शब्बाथ शाळेत पाठांतराची बक्षिसं आहेत. मलाही एकदा स्टीलची वाटी मिळाली होती, ती अजून घरात आहे. वाटीवर माझं काही म्हणणं नाही. पण तासाची शेवटची दहा मिनिटं मुलांच्या प्रश्नांसाठी मोकळी ठेवा. ज्या प्रश्नाचं उत्तर नसेल तिथे बाई-गुरुजींना "मला माहीत नाही" म्हणायची मुभा मंडळीने द्यावी, आणि तसं म्हटल्याबद्दल कमिटीत कुणी त्यांना जाब विचारू नये. शिक्षकाला हे शब्द उच्चारायची भीती वाटते म्हणूनच तो मुलाच्या विश्वासात खोट काढतो. आमच्या गुरुजींचंही तेच झालं असावं, हे आता कळतं. दृढीकरणाच्या वर्गात तर पहिला महिना फक्त प्रश्नच घ्या. पंधरा वर्षांची मुलं जे एकमेकांत बोलतात ते तुमच्यासमोर बोलू द्या, अगदी "देव आहे कशावरून" इथपर्यंत. आणि कुणाची नोकरी गेली, कुणाचं मूल दगावलं, कुणाचा आजार हटला नाही, तर व्यासपीठावरून त्यांच्या विश्वासाचं माप काढू नका. ते माप आपल्याला दिलेलंच नाही.

वडील शेवटपर्यंत चर्चला येत राहिले. प्रार्थनेत काय मागायचे कोण जाणे. आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. भोंगा मात्र त्यांच्या कानातून कधी गेला नाही. पहाटे ठरल्या वेळी उठून बसायचे.

पाळकसाहेब, त्या पावसाळी रविवारनंतर मी त्या मुलीला पुन्हा पाहिलेलं नाही. पुतणीचा मुलगा सांगतो, ती नियमित येते, वचनं सगळ्यांत आधी पाठ करते, आणि हल्ली काही विचारत नाही. मला तिची काळजी वाटते. येत्या रविवारी मी मागच्या बाकावर येऊन बसणार आहे.

आपला,
घोडपदेवचा एक सभासद